चार दिवसांत लिहिलेलं वर्ष

पाहुणे येणार म्हटले की घर झाडायचं, फाटकी सतरंजी आत सरकवायची आणि ठेवणीतल्या कपबश्या बाहेर काढायच्या, ही आपली रीत. त्यात वाईट काही नाही. पण नांदवणच्या सातमाळा विज्ञान महाविद्यालयानं ही रीत इतकी मनावर घेतली होती, की समिती येणार असा नुसता सुगावा लागला तरी शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची झोप उडायची. कुंड्या गेरूनं रंगायच्या. बंद पडलेल्या पंख्यांवरचीसुद्धा धूळ पुसली जायची. ग्रंथालयातली कधी न उघडलेली पुस्तकं जराशी वापरल्यासारखी दिसावीत म्हणून त्यांच्यात खुणेच्या चिठ्ठ्या घातल्या जायच्या. या लगीनघाईतल्या वरमाय म्हणजे रसायनशास्त्राच्या डॉ. ज्योत्स्ना अहिरराव. कॉलेजचा गुणवत्ता कक्ष त्यांच्याकडे होता. आजवर तीन समित्या त्यांनी पार पाडल्या होत्या आणि तिन्ही वेळा कॉलेजला वरची श्रेणी मिळवून दिली होती. निवृत्तीला आता तीन महिने उरले होते.

चौथी समिती मात्र निराळी होती. दहा वर्षांपूर्वी नऊ देशांच्या पदवी-परीक्षण संस्थांनी एकत्र येऊन सहपरीक्षण करार केला होता. एका देशानं तपासून पास केलेलं कॉलेज बाकीच्या आठांनी पुन्हा तपासायचं नाही, असं त्यात ठरलं. त्यामुळे नांदवणची बी.एस्सी. पोर्तुगालमध्येही बी.एस्सी. ठरली आणि केनियातही. आडगावच्या पोरांना परदेशी दारं उघडली. पण दुसऱ्याच्या शिक्क्यावर विसंबायचं तर खात्री हवी, म्हणून दर काही वर्षांनी परदेशी परीक्षक येऊन जुने कागद पुन्हा पाहणार होते. एकाला शंका आली की ती त्याच क्षणी नऊही देशांत नोंदली जाणार होती. या कलमाकडे नांदवणात कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी केनियाच्या डॉ. न्याम्बुरा आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हसऱ्या चेहऱ्याच्या बाई. शाल-श्रीफळ त्यांनी आनंदानं घेतलं, नारळ हातात उलटसुलट करून आमच्याकडचे याहून मोठे असतात म्हणाल्या, आणि मग सोबत आणलेली अॅल्युमिनियमची पेटी उघडली. पेटीत शिवणयंत्राएवढं एक यंत्र होतं. त्याचं नाव लेखकाल.

स्वागताचा चहा घेता घेता त्यांनी यंत्राची गोष्ट सांगितली. बॉलपेनची शाई कागदावर उतरली की ती लगेच मरत नाही. तिच्यातला द्रव हळूहळू उडत राहतो, रंगाचे रेणू तुटत राहतात, आणि शाईखालचा कागदाचा धागा हवेतला प्राणवायू खाऊन पिवळा पडत जातो. पूर्वी या तिन्ही गोष्टी मोजूनही मजकूर किती जुना हे दोनेक वर्षांपलीकडे ठामपणे सांगता येत नसे. लेखकालानं प्रश्नच बदलला. वही किती जुनी आहे हे ते विचारत नाही. पहिलं पान आणि साठावं पान यांच्यामध्ये किती काळ गेला, एवढंच विचारतं. एकाच वहीतली पानं एकाच हवेत, एकाच अंधारात मुरलेली असतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक जुन्या कागदावरही पकडता येतो. शिवाय माणसाचा हात थकतो. सलग लिहिणाऱ्याची अक्षरं दुपारनंतर कलायला लागतात, पेनाचा दाब कमी होतो. दर आठवड्याला एक प्रयोग लिहिणाऱ्याच्या वहीत हा थकवा दिसत नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्योत्स्नाबाईंनी बशीत चहा सांडला. आजवर असं कधी झालं नव्हतं.

विज्ञान शाखेत जर्नल नावाचा एक प्रकार असतो. प्रयोग करताना मुलं जी वही शेजारी ठेवतात ती रफ. तिच्यावर आम्लाचे डाग पडतात, आकडे खोडले जातात, कोपऱ्यात कुणीतरी फूल काढून ठेवतं. मग घरी जाऊन सुवाच्य अक्षरात उतरवायची ती फेअर. सही-शिक्का फेअरवर बसतो. रफमधला आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला नाही, तर फेअर करताना तो जुळवून घ्यायचा असतो. हे कुणी शिकवत नाही, पण पहिल्या सहामाहीतच सगळ्यांना येतं.

अकरा वर्षांपूर्वी, दुसरी समिती यायला आठ दिवस असताना, ज्योत्स्नाबाईंनी तिसऱ्या वर्षाच्या जर्नल मागवल्या होत्या. चोवीस मुलांपैकी एकाचीही फेअर पूर्ण नव्हती. प्रयोग मात्र सगळे झाले होते. त्या बाबतीत बाई कडक होत्या, एकही प्रात्यक्षिक त्यांनी बुडू दिलं नव्हतं. चोवीस रफ वह्या होत्या, डागाळलेल्या, कोपरे दुमडलेल्या, पण पुऱ्या. या वह्या समितीपुढे कशा ठेवायच्या, असं त्यांना वाटलं. त्यांनी चोवीस मुलांना सभागृहात बसवलं आणि चार दिवसांत वर्षाची जर्नल लिहून घेतली. अक्षर एकाच दिवशीचं वाटू नये म्हणून निळ्या शाईच्या पाच छटांची पेनं वाटायची शक्कल त्यांची स्वतःची. शेवटच्या दिवशी त्यांनी मागच्या तारखा घालून प्रत्येक प्रयोगाखाली सह्या केल्या. आणि दोन दोन वह्या कुणाच्या नजरेला पडल्या तर पंचाईत, म्हणून रफ वह्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या टेम्पोत घातला. श्रेणी मिळाली. त्या श्रेणीवरच पुढच्या वर्षी कॉलेज करारात आलं. संस्थेनं बाईंचा सत्कार केला, आणि त्यांनी तो मान खाली घालून, नम्रपणे स्वीकारला.

म्हणजे खरं होतं ते लाज वाटून टाकून दिलं, आणि खोटं होतं ते शिक्का मारून जपून ठेवलं. तेव्हा मात्र कामाचा उरक म्हणून सगळ्यांनी वाहवा केली होती.

डॉ. न्याम्बुरांनी सगळ्या वह्या तपासल्या नाहीत. करारातल्या देशांत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी संगणकानं चिठ्ठी टाकल्यासारखी काही नावं उचलली. त्या तुकडीतलं नाव निघालं एकच. तबस्सुम पिंजारी. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काम करत होती. गोदामातून तिची जर्नल आली. बाईंनी अक्षर ओळखलं. मुलीचं अक्षर सुरेख होतं.

वीस मिनिटांत अहवाल आला. साठ पानं, लिहिण्याचा काळ सुमारे चार दिवस. चाळीस सह्या, एकाच बैठकीतल्या. प्राचार्य संजीव भामरे चष्मा शोधत होते तेवढ्यात ही नोंद नऊही देशांत पोहोचलीसुद्धा. पोर्तोमध्ये तेव्हा सकाळ होती. तबस्सुम कामावर गेली तेव्हा दारावरच्या यंत्रानं तिचं कार्ड घेतलं नाही.

दुपारी तिचा फोन आला. घाबरलेली होती, पण बोलली नीट. काहीतरी गैरसमज झालाय, सुनावणी शुक्रवारी आहे, म्हणाली. मग विचारलं, "मॅडम, आपल्या रफ वह्या असतील ना कुठे ठेवलेल्या? त्या दाखवल्या की मिटेल सगळं."

"बघते हं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "शोधायला लावते."

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्या खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही. पण आधीचं खोटं कागदावरचं होतं, कॉलेजसाठी होतं, आणि त्याला सगळे कामच म्हणत. हे खोटं त्यांनी एका माणसाच्या तोंडावर मारलं होतं, आणि त्या माणसानं विश्वास ठेवला होता. बुधवारी तबस्सुमचे दोन फोन आले, गुरुवारी एक. तिन्ही वेळा बाईंनी फोन वाजू दिला. नंतर ती थांबली.

भामरे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी कराराची नियमावली पुढ्यात ठेवून शांतपणे समजावलं. विद्यार्थ्यानं स्वतःहून मागाहून लिहिलं असेल तर जबाबदारी त्याची एकट्याची. कॉलेजनं लिहवून घेतलं असेल, तर करारातल्या देशांत गेलेल्या कॉलेजच्या सगळ्या पदव्यांची फेरतपासणी. असे विद्यार्थी तीनशे चाळीस. कुणी तिकडे घर घेतलंय, कुणाची मुलं तिकडच्या शाळेत आहेत. "मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही मॅडम," ते म्हणाले. "फक्त विचारल्याशिवाय बोलू नका. पुढे तीन महिन्यांत तुमचा निरोप समारंभ आहे."

हा हिशेब बाईंना कळत होता. एकीकडे एक, एकीकडे तीनशे चाळीस. असं मांडलं की आपण गप्प राहतोय ते स्वतःसाठी नव्हे, असं स्वतःला सांगता येत होतं. त्यांनी ते दोन दिवस सांगून पाहिलं.

शुक्रवारी सुनावणी झाली. भिंतीवरच्या पडद्यावर पोर्तुगालच्या परीक्षण संस्थेचे एक गृहस्थ, शेजारच्या चौकटीत तबस्सुम. बाईंनी तिला अकरा वर्षांनी पाहिलं. डोक्यावरचा रुमाल तसाच, चेहरा भरलेला, डोळ्यांखाली जागरण. तिनं पडद्यावरून नमस्कार केला. बाईंचे हात टेबलाखाली होते, ते वर यायला उशीर झाला.

डॉ. न्याम्बुरांनी विचारलं, ही वही चार दिवसांत लिहिली गेली, हे खरं का? तबस्सुम म्हणाली, खरं. का? तेव्हा ती इंग्रजीत सावकाश, पाठ केल्यासारखी बोलली. प्रयोग मी सगळे केले होते, पण उतरवायचा आळस केला. शेवटी एकदम लिहून काढलं. मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवून सह्या केल्या. त्यांना काही माहीत नव्हतं.

भामरे सरांनी खुर्चीला पाठ टेकली. पोर्तुगालचे गृहस्थ काही टिपून घेऊ लागले. डॉ. न्याम्बुरांनी ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला यात काही भर घालायची आहे का?

बाईंनी तोंड उघडलं. पडद्यावर तबस्सुम त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, पण ती जणू धीर देत होती, परीक्षेच्या दाराशी बाई मुलांना देत तसा. बाई म्हणाल्या, "नाही. काही नाही."

सुनावणी पंधरा मिनिटांत आटोपली. पदवी निलंबित, पोर्तोत प्रत्यक्ष चाचणी घेऊन पुढचा निर्णय, खोट्या नोंदीबद्दल दोन वर्षं कामाची परवानगी नाही. व्हरांड्यात सहकाऱ्यांनी बाईंना चांगलं निभावलंत म्हटलं. कुणीतरी पेढा पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि तोंडात घालण्याऐवजी मुठीत धरून घरी आल्या. मोरीपाशी उभ्या राहून त्यांनी हात धुतला, पुन्हा धुतला. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या आरशात बघवेना. पोरीनं आपल्याला झाकलं, आणि आपण झाकून घेतलं. यापुढे काहीही केलं तरी ती पंधरा मिनिटं तशीच राहणार, हे त्यांना कळून चुकलं.

शनिवारी सकाळी डॉ. न्याम्बुरा विश्रामगृहावर सामान बांधत होत्या तेव्हा ज्योत्स्नाबाई तिथे गेल्या. काल गप्प राहिले, आज बोलायला आले आहे, एवढंच आधी सांगितलं. मग सभागृह, चार दिवस, पाच छटांची पेनं, टेम्पो, सगळं. कुठेही मुलं म्हणाली किंवा प्राचार्य म्हणाले असं म्हटलं नाही. मी सांगितलं, मी वाटलं, मी टाकलं, असंच बोलल्या.

डॉ. न्याम्बुरांनी बॅगेची चेन अर्धवट सोडली आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. मग त्या म्हणाल्या की आमच्याकडे लंडनचे पाहुणे येणार म्हणून प्रयोगशाळेतली मोडकी काचेची भांडी लपवायला मला सांगितलं होतं, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्या भांड्यांवरच मी शिकले होते. "यंत्राला खोटं पकडता येतं," त्या म्हणाल्या. "कुणाची लाज वाटून ते लिहिलं, हे पकडता येत नाही." त्यांनी कोरा कागद पुढे केला. ज्योत्स्नाबाईंनी जबाब हातानं लिहिला, आजची तारीख घातली आणि सही केली.

पुढचा महिना कठीण गेला. कॉलेजच्या तीनशे चाळीस पदव्यांवर फेरतपासणीची खूण लागली. कुवत दाखवायला प्रत्येकाला आपापल्या देशात एक प्रात्यक्षिक द्यावं लागणार होतं. बहुतेकांना ते जड नव्हतं, पण अपमान व्हायचा तो झालाच. बाईंना संदेश आले, शिव्याही आल्या. एका माजी विद्यार्थ्यानं लिहिलं, मॅडम, तुमचं पोट दुखत होतं तर औषध घ्यायचं होतं. भामरे सरांनी गुणवत्ता कक्ष काढून घेतला. निरोप समारंभाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. स्टाफरूममध्ये त्या आल्या की गप्पा थांबत. बाईंनी कुणापुढे समर्थन केलं नाही. त्यांना ते सगळं बरोबरच वाटत होतं. तीनशे चाळीसांची यादी मागवून घेऊन त्या रोज दहा जणांना फोन करत, नाव सांगत, माफी मागत आणि प्रात्यक्षिकाची तयारी हवी असेल तर मी घेते म्हणत. काही जण फोन आपटत, काही जण हो म्हणत.

यादीतला एकच फोन त्या पुढे ढकलत होत्या. शेवटी तो तिकडूनच आला, रविवारी दुपारी.

चाचणी झाली, तबस्सुम म्हणाली. चाळीस मिनिटांत संपवली. तुमच्या जबाबामुळे दोन वर्षांची शिक्षाही उठली, खोटी साक्ष दिली म्हणून ताकीद तेवढी मिळाली. सोमवारपासून कामावर.

बाईंनी माफी मागितली. किती वेळा मनात घोळवली होती, पण बाहेर आली ती तुटक तुटकच. वह्या मी रद्दीत घातल्या, तुला बघते म्हणाले तेव्हा मला माहीत होतं, तुझे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. शुक्रवारी बोलायला हवं होतं. तू का गं माझ्यासाठी बोललीस?

"तुमच्या एकट्यासाठी नाही मॅडम," तबस्सुम म्हणाली. "बाकीच्या पोरांचं कशाला व्हावं म्हटलं. आणि वही आहे तर माझ्याच हातची." मग तिनं विचारलं, "मॅडम, एक विचारू? खूप वर्षांपासून विचारायचं आहे."

बाई हो म्हणाल्या.

"पाण्यातल्या क्षारांचा जडपणा मोजायचा प्रयोग होता ना? तेव्हा मी आमच्या गावच्या हातपंपाचं पाणी आणलं होतं बाटलीत. आमच्या गल्लीत घरटी एकाला मुतखडा, अब्बालापण. म्हटलं बघू तरी. माझं रीडिंग आलं होतं सातशे ऐंशी, पिण्यासारखं नव्हेच. तीनदा काढलं, तिन्ही वेळा तेवढंच. तुम्ही फेअर करताना म्हणालात, चुकलंय, पुस्तकातलं तीनशे वीस लिही. मी लिहिलं. ते माझं नेमकं कुठे चुकलं होतं, मॅडम?"

ज्योत्स्नाबाईंना ते पाणी आठवेना. बाटली आठवेना. त्या चार दिवसांत त्यांनी कितीजणांना तीनशे वीस लिहायला सांगितलं होतं, तेही आठवेना. काहीतरी सांगता आलं असतं. रंग बदलणारा निर्देशक जुना होता, ब्युरेटच्या नळीचं तोंड गळत होतं. गुरूच्या तोंडून आलेलं तिनं आजही मानलं असतं.

"चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "चुकलं होतं की नाही, मला माहीतच नाही. मी तुझी वही बघितलीच नव्हती, तबस्सुम. न बघता चूक म्हटलं."

मग ती बोलली, आवाज न चढवता, नेहमीच्या शांत सुरात.

"मला वाटलं, तुम्ही बघून म्हणालात. म्हणून मी अजूनही प्रत्येक नमुना चारदा तपासते, मॅडम. इथले लोक हसतात मला. आणि गावी कुणालाच नाही सांगितलं मी पाण्याचं. अब्बा तेच पीत राहिले."